गोव्यात एकट्याने राहायला येताय? आधी बसची लाईन शिका

गोव्यात नोकरी लागली असे सांगितले की गावाकडची मंडळी पहिली चौकशी समुद्राची करतात. इथे येऊन राहणाऱ्याला मात्र समुद्र महिना महिना दिसत नाही. दिसते ती सकाळची बस, आणि संध्याकाळी ती चुकली तर पुढची कधी, ही विवंचना. कोल्हापूर, बेळगाव, चंदगड, सावंतवाडी इकडून दरवर्षी कितीतरी मुले-मुली कारखान्यांत, हॉटेलांत, इस्पितळांत आणि बँकांत नोकरीला एकट्याने येतात. हे त्यांच्यासाठी.

पुण्या-मुंबईसारखे एक मोठे शहर गोव्यात नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को आणि फोंडा मिळून जे काही होते तेच इथले शहर. पणजीहून म्हापसा जेमतेम 13 किलोमीटर, मडगाव 33च्या आसपास. ऐकायला हे काहीच नाही, पण मध्ये मांडवी आणि जुवारी या नद्या आहेत आणि सगळी रहदारी मोजक्या पुलांवरून जाते. राहणे म्हापशाला, नोकरी वेर्ण्याला आणि डॉक्टर बांबोळीला, असा प्रकार इथे सर्रास चालतो. त्यामुळे खोली, नोकरी आणि बस यांचा विचार एकत्र करा आणि त्यात पहिला मान बसला द्या.

पायरी 1 : दिवसाउजेडी पोहोचा

पणजीला रेल्वे स्टेशन नाही. जुने गोवे परिसरातले करमळी हे पणजीसाठी, थिवी हे म्हापशासाठी आणि मडगाव हे दक्षिणेसाठी. मध्यरात्री थिवीला उतरलात तर टॅक्सीवाला सांगेल तो भाव. सामान घेऊन पहिल्यांदा येताना सकाळी किंवा दुपारी पोहोचणारी गाडी धरा, नाहीतर सरळ एसटीने किंवा कदंबच्या, म्हणजे गोवा सरकारच्या, बसने या. त्या थेट पणजीच्या पाटो भागातल्या बसस्थानकावर सोडतात. विमानाने मोपाला उतरणाऱ्यांना तिथून कदंबची इलेक्ट्रिक बस मिळते, टॅक्सीच्या रांगेत जाण्याआधी तिची वेळ बघा.

पहिले तीन-चार दिवस लॉजवर किंवा ओळखीच्या कुणाकडे काढा. लांबून फोनवर खोली ठरवू नका, फोटो कितीही छान असोत.

पायरी 2 : खोली बघायला रात्री जा

नवरात्रीनंतर किनारपट्टीवर भाडी चढतात. कळंगुट-कांदोळी भागातल्या काही मालकांना वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा डिसेंबरचा पर्यटक परवडतो, आणि नोव्हेंबरात "खोली खाली करा" असे ऐकायला मिळू शकते. म्हणून तिकडे राहायचे असेल तर अकरा महिन्यांचा करार कागदावर हवाच. पणजीत भाडे जास्त. ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, रायबंदर आणि पर्वरी या आसपासच्या जागा नोकरदारांना सोयीच्या. नवप्रभा, तरुण भारत यांसारख्या मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत अजूनही खोल्या सापडतात, आणि बऱ्याच तर नुसत्या किराणा दुकानात विचारूनच मिळतात.

खोली बघायची वेळ महत्त्वाची. दिवसा सगळ्याच खोल्या बऱ्या दिसतात. संध्याकाळी साडेसातनंतर जा, मुख्य रस्त्यावरच्या थांब्यापासून चालत जा आणि बघून झाल्यावर बसनेच परत या. रस्त्यावर दिवे आहेत का, कुत्री किती अंगावर येतात, परतीची बस मिळायला किती वेळ लागतो, हे सगळे त्या एका फेरीत कळते. थांब्यापासून दहा मिनिटांपेक्षा जास्त आत असलेली खोली हजार-दोन हजारांनी स्वस्त असली तरी मी सोडून देईन. पावसाळ्यात, छत्री उलटी होत असताना, ती दहा मिनिटे फार लांब होतात.

मालकिणीला नळाचे पाणी किती वाजता येते ते विचारा, आणि विहीर आहे का तेही. भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते. मालकाने आधार कार्ड आणि फोटो मागितले तर बिचकू नका. मागितलेच नाहीत तर तुम्हीच विषय काढा.

पायरी 3 : एकच लाईन पाठ करा

सगळा गोवा एकदम शिकायला जाऊ नका. घर ते नोकरी ही एक लाईन आधी पक्की करा. तिच्यावरचे थांबे, पहिली बस, शेवटची बस, आणि ती चुकली तर दुसरा मार्ग कोणता. नोकरी वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर कंपनीची बस कुठून सुटते हे खोली शोधण्याआधी विचारा. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

बसचे मुख्य प्रकार दोन. कदंब परिवहन महामंडळाच्या, ज्याला सगळे नुसते 'कदंब' म्हणतात, आणि खासगी. कदंबची शटल पणजीहून मडगाव, म्हापसा, वास्को अशा ठिकाणी विनाथांबा जाते. स्थानकावर खिडकीवर आधी तिकीट घ्यायचे, रांगेत उभे राहायचे आणि बसायला जागा असेल तितकेच लोक आत. सकाळची रांग लांबलचक दिसली तरी घाबरू नका, ती भराभर सरकते. पण शटल मध्ये थांबत नाही. पर्वरीला राहणाऱ्याने म्हापशाची शटल धरली तर पर्वरी खिडकीतून बघत म्हापसा गाठावे लागते. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, जायचे असेल तर तसेच. तिथे थांबणारी साधी बसच हवी. रोजचे जाणे-येणे असेल तर कदंबच्या मासिक पासची चौकशी करा.

खासगी बस ही वेगळी दुनिया. छोटी, ठेंगणी, आत गाणी जोरात. दारात उभा कंडक्टर "पणजी-पणजी-पणजी" असा एका श्वासात ओरडतो, लांबीत घडी केलेल्या नोटा बोटांच्या बेचक्यात धरतो आणि शिट्टीवर बस थांबवतो नि हाकलतो. स्थानकावर बस भरेपर्यंत हलत नाही, आणि एकदा हलली की मागच्या बसशी शर्यत. बसमध्ये जागा नाही असे कंडक्टरला कधीच वाटत नाही. तो "फाटीं सरात, फाटीं सरात" (मागे सरका) म्हणत राहतो आणि माणसे खरोखर सरकतात. तुमचा थांबा जवळ आला की "देंवपी आसा?" (कुणी उतरणार आहे का?) असे विचारतो. त्याच्या आतच दाराकडे सरकायला लागा. सुटे पैसे हातात ठेवा, सकाळी पाचशेची नोट काढली की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. कोकणी बोलता आले नाही तरी अडत नाही, मराठी बहुतेकांना कळते. उत्तर कोकणीतून येईल, इतकेच. वयाने मोठ्यांना 'बाब' किंवा 'बाय' म्हणा, रस्ता दाखवायला माणूस चार पावले बरोबर चालतो.

पाटीवर फक्त शेवटचे गाव असते, पण मार्ग दोन असू शकतात. पणजी-फोंडा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. काही बस रायबंदरच्या जुन्या बांधावरून जातात. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला हा बांध तीनेक किलोमीटर लांब आहे. काही बायपासने जातात. तुम्हाला रायबंदरला उतरायचे असेल आणि बस बायपासची निघाली तर उगाच पायपीट. चढायच्या आधी "रायबंदरवरून?" एवढे विचारले की झाले.

मोबाईलच्या नकाशावर नावे पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने येतात. म्हापसा तिथे 'मापुसा' होते, डिचोली 'बिचोलिम', साखळी 'सांकेलीम', काणकोण 'कानाकोना'. पहिल्याच आठवड्यात तुमच्या लाईनवरची गावे दोन्ही नावांनी ओळखायला शिका, नाहीतर कंडक्टर ओरडतोय ते आणि फोन दाखवतोय ते एकच गाव आहे हे लक्षात येत नाही.

रात्री आठनंतर बस झपाट्याने कमी होतात. मधल्या गावांकडे, आतल्या वाड्यांकडे तर त्याआधीच. दुसऱ्या पाळीत किंवा हॉटेलात काम असेल तर परतीची सोय मालक करतो का, हे नोकरी घेतानाच विचारा. "बघू नंतर" हे उत्तर म्हणजे नाही.

पायरी 4 : पायलट, रिक्षा, फेरीबोट

पुढचा मडगार्ड पिवळा असलेली मोटारसायकल म्हणजे 'पायलट'. परवाना घेऊन मागे माणूस बसवून नेणारी ही दुचाकी टॅक्सी गोव्यात फार जुनी. बसस्थानकाबाहेर त्यांचा अड्डा असतो. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण चढायची असेल किंवा मुलाखतीला उशीर झाला असेल तर पायलटसारखा उपाय नाही. भाडे बसायच्या आधी ठरवा. रिक्षालाही तोच नियम, मीटरची वाट बघू नका. टॅक्सीसाठी 'गोवा माइल्स' हे ॲप आहे. दुसऱ्या शहरातली ॲपे इथे चालतीलच असे धरून बसू नका.

फेरीबोट पर्यटकांची मौज वाटते, पण ती रोजच्या कामाची आहे. पणजी-बेती, रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी या फेऱ्यांवर नोकरदार, शाळकरी मुले आणि भाजीच्या टोपल्या एकत्र असतात. साध्या फेरीबोटीत पायी प्रवाशाला तिकीट पडत नाही. मांडवीवरचा जुना पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला तेव्हा माणसांना पार नेण्याचा भार फेरीबोटींवरच पडला होता. आजही पर्वरीची वाहतूक तुंबली की बेतीला राहणारा निवांत बोटीने उतरतो. चोडण किंवा दिवाडी या बेटांवर खोली घेणार असाल तर मात्र रात्रीची शेवटची बोट किती वाजता ते धक्क्यावर जाऊन स्वतः बघा.

पायरी 5 : स्कूटरची घाई नको

"गोव्यात गाडीशिवाय काही होत नाही" हे तुम्हाला पहिल्याच दिवशी पाच जण सांगतील. त्यात तथ्य आहे, पण पहिला महिना बसनेच काढा. रस्ते, वळणे, कुठे पाणी साचते, कुठे गुरे बसतात, हे खिडकीतून फुकट शिकता येते.

मग गाडी घ्यायची तर भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती अधिकृत भाड्याची. पांढऱ्या पाटीची खासगी स्कूटर कुणी भाड्याने देत असेल तर स्वस्त पडली तरी नको. अपघात झाला की विम्याचा घोळ तुमच्या गळ्यात. वर्षभर राहणाऱ्याला जुनी गाडी विकत घेणे किंवा गावची आणणे परवडते. गावची आणलीत तर आरसी, विमा, पीयूसी फोनवरच्या डिजिलॉकरमध्ये ठेवा, कारण बाहेरची पाटी दिसली की पोलीस हमखास हात करतो. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे राहिली की गोव्यात नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते आधीच काढून आणलेले बरे.

मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे. 2019 साली सुरू झालेला हा उंच पूल नकाशावर सरळ दिसतो, पण तुम्ही खालच्या पुलांवरूनच जायचे. गावातल्या अरुंद रस्त्यांवर आंधळी वळणे फार, तिथे हॉर्न वाजवा. जूनच्या पहिल्या पावसात लाल मातीचा चिखल डांबरावर पसरतो आणि ब्रेक मारला की चाक घसरते. त्या आठवड्यात शक्य असेल तर बसनेच जा. नवख्यांचे गुडघे फुटतात ते बहुतेक याच दिवसांत.

पायरी 6 : दुपार, रविवार आणि चतुर्थी

दुपारी एक ते साडेतीन-चार बहुतेक दुकाने बंद. तक्रार करून उपयोग नाही. औषधे, रिचार्ज, गॅसची कामे सकाळी नाहीतर संध्याकाळी उरका. त्या वेळी पणजीत अडकलात तर बसस्थानकाजवळच्या पाटोतल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. मराठी पुस्तके आहेत, पंखे आहेत, कुणी उठवत नाही. रविवारी खासगी बस कमी, शुक्रवारी म्हापशाचा बाजार असल्याने तिकडच्या बस खचाखच. 3 डिसेंबरला जुने गोवे इथे सेंट झेवियरचे फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, तेव्हा जुने गोवे मार्गाने ऑफिस गाठायचे असेल तर तासभर आधी निघा.

आणि चतुर्थी. गोवेकर चतुर्थीला आपापल्या गावी, मूळ घरी जातो. खासगी बसचा ड्रायव्हरही जातो, खानावळवालाही जातो. पणजी एरवी ओळखू येणार नाही इतकी रिकामी होते आणि एकट्या माणसाला जेवणाची पंचाईत पडते. कोकण रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी उघडते आणि चतुर्थीच्या गाड्या पटकन भरतात, तेव्हा गावी जायचे तर त्या दिवशी सकाळीच तिकीट काढा. राहणार असाल तर दोन दिवस आधी तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे आणि गॅस भरून ठेवा. पोदेर, म्हणजे पाववालाही, सुट्टीवर जाऊ शकतो, त्यामुळे पावावर विसंबू नका.