साथ-आपत्तीची तयारी शिकवताना या चुका टाळा

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांना पीपीई किट (संसर्गापासून वाचवणारा पोशाख) घालायला आपण तासभर शिकवतो आणि काढायला शेवटची पाच मिनिटं ठेवतो. खरा धोका काढतानाच असतो, कारण तोवर किटच्या बाहेरच्या बाजूला जंतू लागलेले असतात. हे नुसतं सांगून पटत नाही. हातमोज्यांना अतिनील प्रकाशात चमकणारी पावडर लावा, मुलांना किट उतरवू द्या, मग खोलीतले दिवे मालवून अतिनील दिवा धरा. मनगटावर, हनुवटीखाली, मास्कची दोरी सोडवताना कानामागे लागलेले ठिपके लख्ख दिसतात. वर्ग एकदम गप्प होतो. एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने तेवढीच करायची, ही सवय त्याच दिवशी लावा.

ट्राएज म्हणजे एकदम खूप जखमी आले की कुणाला आधी उपचार द्यायचे ते ठरवणं. त्याचे लाल (ताबडतोब), पिवळा (थोडं थांबू शकणारा), हिरवा (किरकोळ), काळा (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला) हे रंग लेखी परीक्षेत सगळ्यांना येतात. सरावात मात्र मुलं सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे धावतात आणि तिथेच अडकतात. स्टार्ट या ट्राएजच्या झटपट पद्धतीत चालू शकणाऱ्यांना आधी हाक मारून बाजूला घेतात. उरलेल्यांत ज्याचा श्वास मिनिटाला ३० च्या वर, तो थेट लाल. श्वासमार्ग मोकळा करूनही मोठ्या माणसाचा श्वास सुरू झाला नाही, तर काळी चिठ्ठी लावून पुढच्याकडे जायचं. हे मुलांना फार जड जातं, शिकवताना मलाही जातं. म्हणून सरावानंतर यावर बोलायला वेळ राखून ठेवा. तो वाया जात नाही.

साथीच्या तपासात मुलं प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत बसतात. लंडनमध्ये १८५४ साली पटकीच्या (कॉलराच्या) साथीत डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे झाले ते पाहून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपावर बोट ठेवलं आणि त्याचा दांडा काढला गेला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी दाखवला तो जवळपास ३० वर्षांनी. वीस रुग्णांची यादी हातात द्या आणि विचारा, आज कुणाला कळवाल? संशयित रुग्णही कळवायचा असतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

शेवटचं, सगळं सुरळीत पार पडणारं ड्रिल घेऊ नका. मध्येच फोन बंद पाडा, प्रमुखाला बाजूला बसवा. संपल्याबरोबर सगळ्यांना गोल बसवून ‘कुठे अडलात?’ एवढंच विचारा. आधी नर्स आणि वॉर्डबॉय बोलू देत. प्राध्यापक आधी बोलले की मुलं तोंड उघडत नाहीत. निघालेल्या अडचणी कागदावर उतरवा आणि पुढचं ड्रिल तोच कागद वाचून सुरू करा.