ऑर्केस्ट्रा लायब्ररीसाठी कॉम्प्युटर घेताना

ऑर्केस्ट्रा लायब्ररी म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचा, म्हणजे सॅम्पल्सचा, कॉम्प्युटरवर वाजवायचा संग्रह. त्यातला व्हायोलिनचा एक पॅच (वाजवायला तयार वाद्य) उघडला की लेगाटो, स्टकाटो, पिझिकाटो अशा वाजवण्याच्या पद्धती आणि प्रत्येकाचे दोन-तीन माइक, असे हजारो सॅम्पल्स त्यासोबत येतात. प्रत्येक सॅम्पलची फक्त सुरुवात रॅममध्ये बसते, बाकीचा भाग वाजता वाजता डिस्कवरून वाचला जातो. त्यामुळे महागड्या ग्राफिक्स कार्डाचा इथे काडीचा उपयोग नाही. ते पैसे रॅम आणि एसएसडीत घाला.

पूर्ण ऑर्केस्ट्राचं टेम्प्लेट, म्हणजे सगळी वाद्यं आधीच उघडून ठेवलेलं प्रोजेक्ट, लावणार असाल तर ६४ जीबी रॅम धरून चला. ३२ मध्ये भागतं, पण मग ट्रॅक फ्रीझ करत (त्याची तयार ऑडिओ फाइल करून रॅम मोकळी करत) बसावं लागतं. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा घेतानाच हात आखडू नका. पीसी असेल तर दोन स्लॉट रिकामे राहतील असा मदरबोर्ड बघा.

लायब्ररीसाठी वेगळी एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची) एसएसडी हवीच. जुनी फिरती हार्ड डिस्क बॅकअपपुरती ठेवा. एसएसडी असेल तर कॉन्टॅक्ट (Kontakt) या लायब्ररी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मेमरी सेटिंगमध्ये प्रीलोड बफर, म्हणजे सॅम्पलचा रॅममध्ये बसणारा सुरुवातीचा भाग, ६० केबीवरून १२ वर आणून बघा, रॅम बरीच मोकळी होते. आवाज तुटायला लागला तर थोडा वाढवा.

प्रोसेसरचे कोअर मोजण्याआधी एका कोअरचा वेग बघा. एका ट्रॅकवर इन्स्ट्रुमेंट आणि त्यापुढचे इफेक्ट बहुतेकदा एकाच कोअरवर चालतात. कीबोर्डवर लाइव्ह वाजवताना ते लगेच जाणवतं. आणि पंखा शांत चालणारा घ्या, माइक त्याच खोलीत असणार आहे.