आजोबांची एअरफोर्सची पेटी निघाली तर पहिले काय करायचं

नागपुरात एअरफोर्सवाली घरं काही कमी नाहीत, एअरफोर्सची विमानं-सामान दुरुस्त ठेवणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टरच इथल्या वायुसेना नगरला, त्यामुळे रिटायर होऊन इथेच सेटल झालेले भरपूर, आणि माळा साफ करताना काळी पेटी निघतेच. मग घरचे काय करतात तर कोट ड्रायक्लीनला, बटणांना पितांबरी, अन् कागद लॅमिनेट. हे तिन्ही करू नका बावा.

पहिले मोबाईलवर फोटो काढा, पेटी जशी आहे तशी, मग एकेक वस्तू काढताना. कोणत्या खिशातून कोणतं पाकीट निघालं हे एकदा हललं की परत कळत नाही. नाव अन् सर्व्हिस नंबर कुठे लिहिलाय ते शोधा, कॉलरच्या आत, पेटीच्या झाकणावर, मेडलच्या कडेवर (भिंग घ्या, आपल्या मेडलवर बहुतेक वेळा नंबर-नाव कोरलेलं असतं). ज्याचं नाव माहीत नाही तो कोट म्युझियमसाठी नुसता जुना कोट, हे लक्षात ठेवा.

काळ ओळखायला बिल्ले पाहा. राजाचा मुकुट असेल तर 1950 च्या आधीचं, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचं. आरआयएएफ (रॉयल इंडियन एअर फोर्स) लिहिलेलं दिसलं तर अजूनच सोपं, रॉयल हे बिरुद मार्च 1945 मध्ये मिळालं अन् जानेवारी 1950 ला गेलं. बर्मा स्टार दुसऱ्या महायुद्धाचा, समर सेवा स्टार अन् रक्षा मेडल 1965 चं, पूर्वी-पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल 1971 चं.

आता थोडं भीतीचं. जुन्या विमानाचं घड्याळ, कंपास असं काही असेल अन् आकडे अंधारात चमकणारे असतील (किंवा एकेकाळी चमकायचे) तर उघडू नका, त्या काळी रेडियमचा रंग वापरायचे, चमक गेली तरी रेडियम जात नाही. गॅस मास्क पोरांना घालून फोटो काढू नका, महायुद्धातल्या बऱ्याच फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं. काडतूस किंवा फ्लेअरसारखं दिसलं तर हात न लावता 112.

कपड्यांचं म्हणाल तर लोकरीला कसर लागते. जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून पॅक करा अन् डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर रूमच्या टेंपरेचरला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही नाहीतर पाणी सुटतं. मग कोट धुतलेल्या, खळ काढलेल्या मलमलमध्ये आडवा ठेवा, घडीत मलमलचीच गुंडाळी घालून. हँगरवर खांदे उतरतात. आणि आपल्याकडचा खरा दुश्मन म्हणजे कूलर, मे महिन्यात बाहेर 45 डिग्री कोरडं अन् कूलरच्या खोलीत सगळं दमट, चामड्याचं हेल्मेट अशाने तडकतं. माळाही नको, कूलरची खोलीही नको, मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट बरं, भिंतीपासून जरा सरकवून.

कागद सगळ्यात महत्त्वाचे, मेडलपेक्षाही. पायलटच्या लॉगबुकात तारीख, विमानाचा प्रकार अन् नंबर, ड्युटी, दिवसाचे-रात्रीचे तास असं ओळीने मिळतं, लाल शाईतली नोंद बहुधा रात्रीच्या उड्डाणाची. पण आपल्याकडे जास्त करून फिटर, रिगर (विमानाचा सांगाडा सांभाळणारे), वायरलेसवाले निघतील, त्यांच्याकडे बहुधा लॉगबुक नसतं, डिस्चार्जचे कागद, ट्रेडचे (म्हणजे कामाच्या प्रकाराचे) कागद, पोस्टिंगच्या ऑर्डर, पत्रं असतात. "आमचे बाबा कुठे पायलट होते" म्हणून हे रद्दीत टाकून राहिले लोक, माझ्या मते फिटरचे कागद तेवढेच मोलाचे आहेत. गंजलेल्या पिना हळूच काढा, सेलोटेप लावू नका, मागे लिहायचंच तर पेन्सिलने. आजी असेल तर फोटोतले चेहरे तिला विचारा, रेकॉर्ड करा, पण "आजी सांगते" अन् "कागदात आहे" हे वेगवेगळं लिहा.

अजून माहिती हवी तर एअरमनचं (अधिकारी नसलेल्यांचं) रेकॉर्ड दिल्लीच्या सुब्रतो पार्कला एअरफोर्स रेकॉर्ड ऑफिसमध्ये असतं, वारसाने सर्व्हिस नंबर अन् नात्याचा पुरावा लावून अर्ज करायचा. अर्ज जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

द्यायचं ठरलं तर अजब बंगला (नागपूरचं सेंट्रल म्युझियम) आपला लाडका असला तरी ह्या सामानासाठी दिल्लीतल्या पालमचं एअरफोर्स म्युझियम जास्त योग्य. सामान घेऊन थेट जाऊ नका, आधी फोटोसकट यादी पाठवा. कायमचं देताय की उसनं, हे कागदावर घ्या, पोचपावती घ्या, अन् मांडून ठेवतीलच असं धरून चालू नका, बरंच सामान स्टोअरमध्येच राहतं. कोट एकाला, कागद दुसऱ्याला असं तर करूच नका. आणि बाहेरच्या देशातला कुणी लॉगबुकला चांगला भाव देतो म्हणाला तर थांबा, 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 75 वर्षं झालेला ऐतिहासिक महत्त्वाचा कागदही येतो, तो असा परदेशी पाठवता येत नाही.