सोसायटीत कुणी 'छुपी कम्युनिस्ट' म्हणालं तर

मार्चमध्ये आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या सभेत मी एवढंच म्हणाले, की वॉचमनला आठवड्याची सुट्टी द्या, त्या दिवशी बदली माणूस लावा. फ्लॅटमागे महिन्याला ६० रुपये जादा. संध्याकाळी ग्रुपवर 'लाल सलाम' सुरू झालं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, 'बाईंच्या घरात रशियन पुस्तकं आहेत, मी डोळ्यांनी पाहिलीत.'

आहेतच. वडिलांनी घेतलेली, जाड पुठ्ठ्याची, त्या काळी अगदी स्वस्तात मिळायची. आणि 'सोव्हिएत देश' या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं आमच्या निम्म्या वर्गाच्या वह्यांना असायची. काकाही त्याच पिढीतले. त्यांच्याही वह्या तपासायला हव्यात.

तर अशी वेळ आली की आधी 'मी नाहीच हो कम्युनिस्ट' म्हणू नका. मी म्हणाले आणि फसले. वॉचमनची सुट्टी राहिली बाजूला, सगळे माझ्याच मागे लागले. आणि 'नाही' सिद्ध करणार कसं? त्यापेक्षा विचारा, 'मी नेमकं केलं काय?'

मग समोरच्याचा आरोप निवडायला बसा, तांदळातले खडे निवडतो तसा. मत, संगत, सभासदत्व आणि बाहेरून येणारा आदेश, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. माझंच घ्या. बँकेत ३४ वर्षं काढली, युनियनची वर्गणी भरली, गेटवर घोषणा दिल्या. पुढाऱ्यांतले काही जण पक्षाचे सभासद होते, तेही उघड, कुणापासून न लपवता. १९९३ च्या करारातून आम्हाला पेन्शन मिळाली. काकाही बँकेतलेच, ती पेन्शन त्यांना कधी लाल वाटलेली नाही.

संगतीवरून माणूस ठरवायचा तर संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावर कम्युनिस्ट डांगे, समाजवादी एसेम आणि अत्रे शेजारी शेजारी बसत, त्यांचं काय करायचं? आणि टिळकांचं? १९०८ मध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, आणि त्या शिक्षेचा निषेध लेनिनने लिहून केला. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, 'टिळकांची गोष्ट वेगळी.' पुण्यात टिळकांची गोष्ट नेहमीच वेगळी असते.

'कोणते कम्युनिस्ट?' हेही विचारा. आपल्याकडे कम्युनिस्ट पक्षही एक नाही: आणीबाणीत भाकपने इंदिराबाईंना पाठिंबा दिला, माकपने विरोध केला. बहुतेक वेळा समोरचा इथेच अडखळतो.

कुणी 'असे बरेच आहेत' म्हणालं तर आकडा मागा, नावं मागा. अमेरिकेत फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर मॅकार्थीने परराष्ट्र खात्यात २०५ कम्युनिस्ट असल्याचं भाषणात सांगितल्याची बातमी आली. थोड्याच दिवसांत तो ५७ म्हणू लागला. आकडा असा आठवड्यात बदलत असेल तर यादी नाही, हे समजून चाला.

पण सगळेच आरोप खोटे असतात असंही नाही, आणि इथे आपल्या बाजूचे लोक डोळेझाक करतात. किम फिल्बी खरोखरच लपलेला होता. ब्रिटिश हेरखात्यात वरच्या जागेवर बसून तो मॉस्कोला माहिती पुरवायचा. त्याची बाहेरची ओळख मात्र उलटी होती. स्पेनच्या यादवीत तो कम्युनिस्टांचा कट्टर विरोधक जनरल फ्रँकोच्या बाजूने बातम्या पाठवायचा, १९३८ मध्ये खुद्द फ्रँकोने त्याला पदक दिलं. १९५५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याने संसदेत त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचं सांगितलं. १९६३ मध्ये तो बैरुतहून नाहीसा झाला आणि मॉस्कोत निघाला. ज्याला लपायचंच आहे तो भर सभेत वॉचमनच्या सुट्टीसाठी कशाला भांडेल? तो काकांच्या शेजारी बसून मान डोलवेल. म्हणून संशय खरा वाटत असेल तर कागद, पैसा आणि भेटीगाठी शोधा, पुस्तकांचं कपाट नको.

शेवटचा उपाय खास सोसायटीचा. पुढच्या सभेत मी सेक्रेटरींचं मिनिट्स बुक पुढे ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, 'काका, तुमचं म्हणणं तुमच्या नावासकट लिहून घेऊ?' काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, 'गमतीत म्हटलं होतं हो.'

वॉचमनला मंगळवार मिळाला. काकांनी ठरावाला मत दिलं नाही, पण ६० रुपये वेळेवर भरतात.