मोफत वकील हवाय? मग या चुका टाळा

नवऱ्याशी बिनसून माहेरी आलेल्या बाईला गावात पहिला सल्ला मिळतो, ‘आधी उत्पन्नाचा दाखला काढ, मग सरकारी वकील मिळतो.’ हा सल्ला साफ चुकीचा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार बाईला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. मुलांना, दिव्यांगांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही नाही. महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे, पण ती या यादीत न बसणाऱ्यांसाठी. ३ लाखांच्या आतल्या पुरुषालाही वकील मिळतो, हेही कुणी सांगत नाही.

पारोळ्याकडची एक पोरगी दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली, नवरा सुरतेला लूमवर. दाखल्यासाठी तिने पाच महिने हेलपाटे घातले. कधी तलाठी जागेवर नाही, कधी सासरचं रेशनकार्ड हवं. एका एजंटने बाराशे रुपये घेतले. माझ्यासमोर बसली तेव्हा कॅरीबॅगेत झेरॉक्सचा गठ्ठा होता, पण पोटगीचा अर्ज अजून झालाच नव्हता. मी सांगितल्यावर तिने दोनदा विचारलं, ‘ताई, दाखला खरंच नही लागस?’ पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलंय. तिचे पाच महिने कुणी भरून देणार नव्हतं.

तेव्हापासून मी बाई आली की त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहून घेते. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, जळगाव, धुळे, नंदुरबारला जिल्हा प्राधिकरण. तिथे अर्ज द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, उरलेले कागद मागाहून. जाणं जमत नसेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन लावा.

नवरा सुरतेला म्हणून केसही सुरतेला, हा समज काढून टाका. पोटगीचा अर्ज बाई जिथे राहते तिथे चालतो. पोटगीसाठीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता नाही, १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय.

दुसरी चूक पाहिली की माझा जीव तुटतो: स्टॅम्पवरची फारकत. पंच बसतात, पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, की झालं मोकळं! हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर नोटरी ते मोडू शकत नाही. रूढीने फारकत मान्य असलेले समाज आहेत, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. सातपुड्यातल्या आदिवासींना हा कायदा सहसा लागूच होत नाही, त्यांचा विचार वेगळा. बाकीच्यांनी त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं की पुढची सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. ‘कोर्टात वर्षं जातात’ म्हणून शॉर्टकट शोधणाऱ्यांचा मला राग येतो. पण ज्या बाईला ‘पोटगी सोडली’ हे वाक्य न वाचता सही करायला लावतात, तिच्यावर कसली रागावणार?

मोफत वकील मिळाला म्हणजे आपलं काम संपलं, असंही समजू नका. लग्नपत्रिका, फोटो, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याची पगारस्लिप किंवा केळीच्या शेताचा सातबारा तुम्हीच जमवायचा. उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं, आणि त्याने आकडा लपवला तर हाच सातबारा कामी येतो. वकील तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी द्या, वकील बदलून मागता येतो. पैसे मागितले तर तेही लेखीच द्या. पोटगी आणि घटस्फोटाच्या केसमध्ये बाईला कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून.

लोकअदालतीत तडजोड होत असेल तर जरूर करा, पण त्या निवाड्यावर अपील नाही. रक्कम किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, मुलं कुणाकडे, हे सगळं मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.