थायलंडचा व्हिसामुक्त मुक्काम: अफवेवर नव्हे, शिक्क्यावर भिस्त ठेवा

थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतासह ९३ देशांच्या पर्यटकांना ६० दिवसांच्या व्हिसामुक्त मुक्कामाची मुभा दिली. मात्र मार्च २०२५ मध्ये ती ३० दिवसांवर आणण्याचा विचार तिथल्या पर्यटनमंत्र्यांनी बोलून दाखवल्यापासून ‘नियम बदलला’ असे निरोप व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतात. मंत्र्यांचे विधान म्हणजे नियम नव्हे. असा बदल तिथल्या राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावरच अमलात येतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा, मुंबईतील थाई वाणिज्य दूतावासाचे संकेतस्थळ स्वतः पाहावे. एजंटाला विचारायला हरकत नाही, पण त्याच्या तोंडी आश्वासनाला विमानतळावर कोणी विचारत नाही. परतीचे तिकीट शक्यतो तारीख बदलता येईल असे घ्यावे.

पासपोर्टवर शिक्का बसताच, खिडकीपासून हलण्याआधी, त्यावरील मुक्कामाची अखेरची तारीख वाचावी. तुमच्यापुरती मुदत तीच. उतरल्याचा दिवस, मग विमान रात्री साडेअकराला का पोहोचेना, पहिला दिवस म्हणून मोजला जातो. मुदत ओलांडल्यास दिवसाला ५०० बाट दंड पडतो.