मार्गेटला मुक्काम: आधी मजला बघा, मग रस्ता, मग खिडकी

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले आहेत, त्यांना दोन रात्री समुद्रावर न्यायचंय आणि ब्रायटनची गर्दी नकोय, तर मी डोळे झाकून इंग्लंडच्या समुद्रकाठचं मार्गेट सुचवते. आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. मेट्रोपॉलिटन लाइननं किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस, तिथून हायस्पीड गाडी आणि साधारण दीड तासात केंटच्या टोकाला. स्टेशनातून बाहेर आलं की समोर समुद्रच. टॅक्सी शोधा, बस बदला, काही नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण मुक्कामाची जागा चुकली तर एवढ्या सोयीचा काही उपयोग होत नाही, आणि मार्गेटमध्ये जागा निवडणं जरा किचकट आहे.

ते का, हे कळायला गावाचा थोडा इतिहास लागतो. 1846 मध्ये रेल्वे आली आणि लंडनचा कामकरी माणूस इथे सुट्टीला यायला लागला. त्यांच्यासाठी उंच, अरुंद, चार-चार मजली बोर्डिंग हाउसं उभी राहिली. 1960 नंतर स्पेनच्या स्वस्त सहली निघाल्या आणि ती माणसं तिकडे वळली. रिकाम्या घरांचे तुकडे पाडून एकेक खोली भाड्यानं दिली गेली, गाव उतरणीला लागलं. मग 2011 मध्ये बंदराच्या धक्क्याजवळ टर्नर कंटेम्पररी ही कलादालनाची इमारत झाली, बंद पडलेला ड्रीमलँड हा मनोरंजन पार्क 2015 मध्ये पुन्हा उघडला आणि लंडनची तरुण मंडळी इकडे सरकू लागली. आज तुम्हाला भाड्यानं मिळणारी बहुतेक सुंदर खोली ही त्याच जुन्या बोर्डिंग हाउसातली आहे. रंग नवा, फरशी नवी, गादी उत्तम. जिना मात्र जुनाच, आणि लिफ्ट नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी मजल्याचा असतो. फोटोत समुद्र जितका छान दिसतो, तितकी खोली बहुधा वर असते. एका घराच्या जाहिरातीत ‘वरच्या मजल्यावर’ एवढंच लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं, दारापासून खोलीपर्यंत तीन जिने, शेवटचा तर वाड्यातल्या माळ्याच्या जिन्यासारखा अरुंद, एका बाजूलाच कठडा. ती खोली आम्ही घेतली नाही. बेसमेंटच्या फ्लॅटचंही तसंच, बाहेरूनच सात-आठ पायऱ्या उतरून जावं लागतं. तेव्हा सरळ विचारा: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? कठडा दोन्ही बाजूंना आहे का? बाथरूम खोलीतच आहे की अर्ध्या जिन्यावर? शॉवर टबात चढून घ्यायचा की सपाट? नीट उत्तर देणाऱ्याकडेच पैसे भरा.

आता रस्ता. स्टेशनच्या समोर, मरीन टेरेसच्या बाजूला प्रीमियर इन हे साखळी हॉटेल आहे. खोल्या साचेबंद, घराचं रूप नाही, पण वयस्कर माणसं आणि मोठ्या बॅगा असतील तर ही जागा बरी. वाळूचा मुख्य किनारा समोरच, चढ नाही. मात्र पलीकडेच ड्रीमलँड आहे. उन्हाळ्यात तिथे मोठे संगीताचे कार्यक्रम होतात, आवाज खोलीपर्यंत येतो. तुमच्या तारखांना तिथे काय आहे ते आधी बघून घ्या. तरुण मुलं सोबत असतील तर उलट हीच जागा घ्या.

स्टेशनहून डावीकडे वळलात तर वेस्टब्रुक. शांत, कुटुंबवत्सल. 1791 मध्ये समुद्रस्नानानं रोगी बरे करण्यासाठी स्थापन झालेलं रुग्णालय याच बाजूला होतं, त्याचे आता फ्लॅट झालेत. खाण्यापिण्याची ठिकाणं कमी, पण आजोबांना पहाटे फिरायला याहून चांगला रस्ता नाही.

उजवीकडे पंधरा मिनिटं सपाटीनं चालत गेलं की ओल्ड टाउन. बोळ, जुन्या वस्तूंची दुकानं, कॉफी, पलीकडे धक्का. पहिल्यांदा येणाऱ्या जोडप्यानं इथेच राहावं. कलादालनासमोरची, वर्षानुवर्षं ओस पडलेली एक इमारत दुरुस्त करून 2022 मध्ये फोर्ट रोड हॉटेल सुरू झालं, चौदा खोल्यांचं. खिसा परवानगी देत असेल तर जरूर बघा. फक्त बोळांतल्या खोल्यांना शनिवारी रात्री उशिरापर्यंत पबमधून निघणाऱ्या लोकांचा आवाज असतो, त्यामुळे मागच्या बाजूची खोली मागा.

कलादालनावरून रस्ता चढतो आणि क्लिफ्टनव्हिल सुरू होतं. मला मनापासून आवडणारा भाग हा. इथे गाव कड्यावर आहे, समुद्र खाली. रुंद हिरवळ, बाकं, सपाट पायवाट, भन्नाट वारा. नॉर्थडाउन रोडवर वेगवेगळ्या देशांच्या लोकांची किराणा दुकानं आहेत, कोथिंबीर-मिरचीसाठी तिथे एक चक्कर मारावी. वॉलपोल बे या किनाऱ्यावर 1937 मध्ये बांधलेला भरतीच्या पाण्याचा प्रचंड तलाव आहे. समुद्राच्या बाजूंना भिंत, त्यामुळे लाटांची भीती वाटणारी माणसंही त्यात उतरतात. पण खाली जायला उतार आणि वर यायला तोच चढ. शिवाय काही गल्ल्या अजूनही खस्ताहाल आहेत. हा गरिबीनं गांजलेला भाग, आणि इथली मूळ माणसं वाढत्या भाड्यांनी हैराण आहेत. म्हणून मी अख्खं घर पर्यटकांना देऊन टाकणाऱ्याकडे जात नाही. जिथे मालक स्वतः राहतो असं गेस्ट हाउस किंवा सरळ हॉटेल बघते. त्यात आपलाही फायदा असतो. रात्री नळ गळला तर दार ठोठावायला कुणीतरी असतं.

खिडकीबद्दल एक सांगते. इंग्लंडच्या पूर्व टोकाला असूनही मार्गेटचा मुख्य किनारा वायव्येकडे बघतो, म्हणून उन्हाळ्यात सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, जूनमध्ये रात्री नऊच्याही नंतर. चित्रकार टर्नर या उजेडासाठीच इथे पुन्हा पुन्हा येत असे. हा सूर्यास्त खोलीतून हवा असेल तर मरीन टेरेस किंवा फोर्ट क्रेसेंटवरची समोरची खोली मागा. क्लिफ्टनव्हिलच्या खोल्या बहुधा उत्तरेला तोंड करून असतात, तिथून पाणी दिसतं, सूर्य कोपऱ्यात जातो. ‘साइड सी व्ह्यू’ म्हणजे मान वाकडी करून बघायचा समुद्र, त्याचे जास्त पैसे देऊ नका. आणि उकाड्याच्या दिवसांत किनाऱ्यावर समुद्री शेवाळ साचून कुजतं, वास येतो. तुमच्या आठवड्यात काय परिस्थिती आहे ते मालकाला विचारायला संकोच कशाला?

आता जेवण. सासऱ्यांना दुपारी वरणभात लागतोच, त्यामुळे आम्ही एक शेगडी असलेली जागा बघतो. अशा छोट्या स्टुडिओत धुराचा अलार्म बरेचदा शेगडीपासून चार हातांवर असतो. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची करपली की लगेच ठणाणा सुरू होतो आणि अख्खी इमारत जिन्यात येते. यावर माझा उपाय सोपा आहे. फोडणी घरीच करून घ्यायची, पूर्ण गार करायची, काचेच्या छोट्या बाटलीत भरून न्यायची. तिथे कुकर नको, मायक्रोवेव्हमध्ये भात, उकळत्या पाण्यात शिजवलेली मुगाची डाळ, वरून ती फोडणी. सकाळी दही-पोह्यांवरही तीच. घराचा वास येतो आणि अलार्म झोपलेला राहतो. न्याहारी हॉटेलातच घेणार असाल तर शाकाहारी, अंडं चालतं की नाही, हे आदल्या दिवशी सांगून ठेवा.

औषधं नेहमीचीच सोबत घ्या, पण आपत्कालीन विभाग असलेलं क्वीन एलिझाबेथ द क्वीन मदर हॉस्पिटल मार्गेटमध्येच आहे, एवढं आई-बाबांना सांगितलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो.

गाडी नेऊच नका. समुद्रासमोर पार्किंगची मारामार असते आणि गावात गाडी लागत नाही. शेजारच्या ब्रॉडस्टेअर्स आणि रॅम्सगेट या गावांना लूप नावाची बस फिरते.

वाराचा हिशोबही करा. शुक्रवार-शनिवारचे दर चढे, आणि बऱ्याच ठिकाणी दोन रात्रींची अट असते. जमत असेल तर रविवार-सोमवार घ्या. रविवारी दुपारपर्यंत लंडनची गर्दी परतीला लागते, वाळू मोकळी होते, खोलीही स्वस्त पडते. फक्त टर्नर कंटेम्पररी सोमवारी सहसा बंद असतं, प्रवेश मोफत आहे, तेव्हा रविवारी पोचल्या पोचल्या बॅगा खोलीवर टाकून आधी तिथे जा, आणि शेल ग्रोटो, म्हणजे भिंती शिंपल्यांनी मढवलेलं गावातलं भुयार, मंगळवारी उघडं असेल तर त्या सकाळसाठी ठेवा.